टपावरची नाव हलते, सरकते, शिट्टी मारते: कॅरिअर बदलण्याआधी हे तपासा

गाडीच्या टपावर कयाक किंवा कनू (वल्ह्याने चालवायच्या लांब, अरुंद नावा) बांधून नेणारे लोक नागपुरात मोजकेच, पण त्यांची तक्रार ठरलेली. रामटेकजवळच्या खिंडसी तलावाला निघालेली गाडी कामठीपर्यंत गुमान जाते. कन्हान ओलांडलं, रस्ता मोकळा झाला, काटा ८० च्या पुढे गेला की वरून आवाज सुरू होतात. रामटेकला उतरून बघावं तर नावेचं नाक डावीकडे फिरलेलं. मग दोन दिवसांनी माणूस माझ्या दारात: "भाऊ, हे कॅरिअर बोगस निघालं. दुसरं टाकून द्या."

गाड्यांवर कॅरिअर, रेल, टो-हुक (गाडी ओढायचा हुक) बसवणं हे माझं रोजचं काम. कॅरिअर म्हणजे टपावरचे दोन आडवे बार आणि ते टपाला किंवा टपाच्या कडेच्या उभ्या रेलला धरून ठेवणारे चार पाय. दुसरं टाकून देण्यात माझा धंदाच आहे, पण कॅरिअर बदलून ही तक्रार सहसा जात नाही. नवंही तसंच हलतं. कारण बहुतेक जण कॅरिअर घेताना नावेचं वजन विचारतात, टप विचारत नाहीत. "तीस-पस्तीस किलो तर आहे, त्यात काय!" वजनाचा त्रास नसतोच मुळी, त्रास लांबीचा असतो. १६ फुटी कनू म्हणजे जवळपास ४.९ मीटर. लहान गाडीवर दोन आडव्या बारांमध्ये अंतर असतं ७० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे पुढे दोन मीटरच्या वर आणि मागे तेवढीच नाव अधांतरी. शेजारून ट्रक गेला आणि नाकावर १० किलोचा आडवा धक्का बसला, तर पुढच्या बारला तो ४० किलोचा लागतो आणि मागच्याला उलट्या दिशेने ३० चा. बारांमधलं अंतर एक मीटर असतं तर पुढचा आकडा ३० च्या आत आला असता. हा हिशेब डोक्यात ठेवून पुढचं वाचा, म्हणजे कोणती तपासणी कशासाठी ते आपोआप कळेल.

आधी लक्षणं

नुसतं "आवाज येऊन राहिला" म्हणून भागत नाही. कोणता आवाज, कधी, ते ठरवा.

- घूंऽऽ असा जाड सलग आवाज, वेगाबरोबर चढणारा: पट्टा वाऱ्यात थरथरतोय.
- बारीक शिट्टी, टपावर नाव नसतानाही: आडवा बार.
- अधूनमधून टक-टक: पट्ट्याचं लोंबतं टोक किंवा बक्कल आपटतंय. फक्त खड्ड्यातच येत असेल तर बोल्ट ढिला.
- वळणावर किंवा ट्रक ओलांडताना कर्रर्र: कॅरिअरचा पाया टपावर घासतोय.
- आवाज काहीच नाही, पण पोचल्यावर नाक एका बाजूला: पट्टा सैल पडलाय, किंवा नाकाची दोरी बांधलेलीच नाही.
- पायाच्या रबराभोवती रंग पांढुरका, बोट फिरवलं की खरखरीत: रबराखाली माती.
- पावसाळ्यात आतल्या छताच्या कापडावर ओल: बाकी सगळं सोडा, थेट "इथे थांबा" या भागावर जा.

पहिली तपासणी: नाक धरून हलवा

फुकट, दोन मिनिटांची, आणि सगळ्यात जास्त सांगणारी. नाव बांधलेली, गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला. नाक-शेपटाच्या दोऱ्या मात्र सोडून ठेवा, नाहीतर दोष झाकला जातो. नावेच्या नाकाशी उभे राहा, दोन्ही हातांनी धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. मग वर-खाली. दुसऱ्या कोणाला तरी टपाशी उभं करून बघायला सांगा, कारण नाकाशी उभ्या माणसाला काय हलतंय ते दिसत नाही.

नाव, बार, टप सगळं एकजीव होऊन गाडी तिच्या स्प्रिंगांवर डुलली, तर बांधणी चोख आहे. नाव हलली आणि बार जागचा हलला नाही, तर दोष पट्ट्यात. नावेबरोबर बारही फिरला, तर पायात. बार आणि पाया दोन्ही घट्ट, पण ज्या रेलवर ते बसलेत ती रेलच हलली, तर तिथेच थांबायचं, पुढे काही करायचं नाही.

एक काका आले होते. नवा फायबरचा कनू, महागाचे अॅल्युमिनियमचे बार, आणि तक्रार हीच. मी नाक हलवलं, त्यांच्या मुलाला टपाशी उभं केलं. "पप्पा, बार नाही हलून राह्यला, त्याच्याखालचं काळं हलून राह्यलं." ती काळी रेल बोटाने उचलली तर कडेला दोन-तीन मिलिमीटर फट पडली आणि आत चिकटपट्टीचा पांढरा फेस दिसला. शोभेची रेल. कॅरिअर उत्तम होतं, ते बसवलेलं होतं चिकटपट्टीवर. काका फार वैतागले, गाडी घेताना शोरूममध्ये "रूफ रेल आहे" एवढंच सांगितलं होतं. रेल असणं आणि रेलवर भार चालणं या वेगळ्या गोष्टी आहेत, त्याचं पुढे सांगतो.

दुसरी: पट्टे

निम्म्याहून जास्त गाड्या इथेच दुरुस्त होतात.

सगळ्यात आधी पट्टा कुठून जातो ते बघा. तो नावेवरून येऊन नावेच्या अगदी कडेलगत बारखाली गेला पाहिजे. पुष्कळ लोक तो बारच्या टोकाला, पायाच्या बाहेरून नेतात, दिसायला भक्कम वाटतं म्हणून. मग नावेची कड, बार आणि पट्टा यांच्यात त्रिकोण पडतो. गाडी हादरली की पट्टा बारवरून आत सरकतो, त्रिकोण लहान होतो, आणि तुम्ही कितीही आवळला असला तरी ढिला पडतो. पट्टा कडेला चिकटून गेला की सरकायला जागाच उरत नाही.

मग बक्कल. दात असलेलं, दाबून सोडायचं साधं बक्कल आणि २५ मिलिमीटरचा पट्टा, हे या कामाला पुरेसं. कटकट करत आवळायचं रॅचेट ट्रकच्या मालासाठी ठीक आहे, नावेसाठी नाही. हाताला कळतच नाही किती ताण दिला ते. फायबरच्या नावेला बारच्या जागी केसासारख्या चिरा पडतात, प्लास्टिकची नाव दबते. मे महिन्यात तर विचारूच नका. पारा ४५ च्या पुढे, काळ्या गाडीच्या टपावर हात टेकवत नाही, त्यात पॉलिथिनची कयाक आवळून दिवसभर उभी केली की तिच्या पोटात बारचा छाप उमटतो. (छाप पडलाच तर घाबरू नका. पट्टे काढून नाव पोट वर करून उन्हात ठेवा, बराचसा भरून येतो.) ताण किती? पट्टा दोन बोटांनी छेडला तर टण्णकन वाजावा, पण नावेचा आकार बदलू नये. बक्कलाच्या दातांत वाळू अडकली असेल तर जुन्या टूथब्रशने घासा. दात झिजून गुळगुळीत झाले असतील तर बक्कल टाकून द्या, पट्टा चांगला असला तरी.

पट्ट्याचं कापड कोणतं, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. आपल्याकडे सगळ्यालाच नायलॉन म्हणतात. खरा नायलॉन पाण्याने भिजला की लांबतो. सकाळी तळ्यावर ओला झालेला पट्टा परतीच्या वाटेवर म्हणूनच सैल पडतो. पॉलिएस्टर जवळजवळ लांबत नाही. दुकानदाराला नक्की माहीत नसेल तर घरी आणून हातभर तुकड्यावर पेनाने दोन खुणा करा, अंतर मोजा, तासभर बादलीत बुडवा, ताणून परत मोजा. इतवारी बाजारात मिळणारी पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी स्वस्त आहे म्हणून मुख्य बांधणीला वापरू नका. गाठ धरत नाही, आणि आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात कुजते. हाताला भुगा लागला की ती दोरी संपली. रबरी बंजी तर या कामात नकोच. ती ताणली जाते, हाच तिचा गुण आणि इथे हाच दोष.

आणि बांधल्यावर १०-१५ किलोमीटरवर एकदा थांबून पट्टे परत ओढा. नाव बसते, बारवरचा फोम दबतो, थोडी ढिलाई येतेच. रामटेकच्या वाटेवर कामठी बरी पडते, वर्धा रोडला बुटीबोरीच्या अलीकडे कुठेही.

तिसरी: नाकाची आणि शेपटाची दोरी

"दोन पट्टे असताना दोऱ्या कशाला?" हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. वर दिलेला ४० किलोचा हिशेब परत वाचा. नाकाला दोन बाजूंना ताणलेल्या दोऱ्या असतील तर तो १० किलोचा धक्का नाकावरच अडतो, बारापर्यंत वाढत जातच नाही. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला गेलात तर दीडपटीहून जास्त, ६० वरून १२० ला गेलात तर चौपट. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे म्हणून टपावर नाव असताना १२० ने जायचं नसतं. उलटी बांधलेली कनू समोरून आलेला वारा सुपासारखा धरते आणि नाक वर उचलायला बघते. दोरी नसेल तर ती उचल सगळी पुढच्या पट्ट्यावर आणि पुढच्या पायांवर.

दोरी बांधायची कुठे, ते महत्त्वाचं. बंपरच्या प्लास्टिकला नाही, जाळीला नाही. पुढे टो-हुकची जागा असते, किंवा बोनेट उघडून मडगार्डच्या बोल्टखाली पट्ट्याचा एक फासा बसवून घ्या. तो बोनेटच्या फटीतून बाहेर येतो, काम झालं की आत ढकलायचा. माझ्याकडच्या सगळ्या कामांत सर्वांत कमी पैशांचं आणि सर्वांत जास्त उपयोगाचं काम हेच. शक्य असेल तर नाकापासून दोन दोऱ्या, दोन बाजूंना, उलट्या व्हीसारख्या. एकच दोरी वर-खाली सांभाळते, आडवं फारसं नाही.

गाठ येत नसेल तर नागपूरजवळच्या वाडीला जाऊन कोणत्याही ट्रकवाल्याला ताडपत्री आवळताना बघा. दोरीत एक फास घालून त्यातून टोक ओवून खाली खेचतात, ताण जवळजवळ दुप्पट मिळतो आणि सुटायला एक झटका पुरतो. या दोऱ्या फक्त ताठ हव्यात, नावेला धनुष्यासारखी वाकवणाऱ्या नकोत. उरलेलं टोक गुंडाळून बांधून टाका. लोंबणारी दोरी पुढच्या चाकाखाली गेली तर ती नावेचं नाक घेऊनच जाते.

चौथी: आवाज

पट्ट्याची घूंघूं घालवायला खर्च शून्य. पट्ट्याचा जो भाग उघड्यावर सपाट ताणलेला आहे त्याला एक-दोन पीळ द्या. सपाट पट्टी वाऱ्यात फडफडते, पीळ दिल्यावर तिला सलग सपाट पृष्ठभाग उरत नाही. बस.

बारची शिट्टी थोडी वेगळी. गोल किंवा चौकोनी बारच्या मागे हवेचे भोवरे एका तालात सुटतात, आपल्याला ऐकू येतो तो हाच ताल. बारभोवती बोटाएवढी जाड दोरी तिरकी गुंडाळा, चार-पाच वेढे पुरतात, ताल मोडतो. कारखान्यांच्या उंच लोखंडी चिमण्यांवर वरच्या भागात पट्टीचे वेढे दिसतात ना, तेही याच कारणासाठी. विमानाच्या पंखासारख्या चपट्या बारला शिट्टी येत असेल तर वरच्या खाचेतली रबरी पट्टी बघा. उन्हाने आक्रसून दोन्ही टोकांना बोटभर खाच उघडी पडलेली असते. पट्टी मधोमध कापा, दोन तुकडे टोकांकडे सरकवा, मधली फट नाव किंवा फोम झाकतं. नवी पट्टी आणायचीही गरज नाही.

आणि नाव नेत नसाल तेव्हा बार काढून ठेवा की. वर्षभर टपावर मिरवून पेट्रोलच जातं.

पाचवी: कॅरिअरचे पाय

इथपासून पाना लागतो. चारही पाय सोडवा, उचला, खालून बघा. नागपूरची धूळ आणि वाळूच्या ट्रकमागून चालवलेली गाडी, रबराखाली कचकच असतेच. ती कचकच दोन कामं करते: रंग घासते, आणि रबराची पकड घालवते. टप आणि रबर दोन्ही ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण सुकू द्या. रबरावर पॉलिश, सिलिकॉन स्प्रे, तेल काही लावू नका. चकचकीत दिसेल, पण सरकेल. रबर नखाने दाबून बघा. दबत नसेल, वरून भेगाळलं असेल, तर ते मेलं. कॅरिअर बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या नुसते रबर वेगळे विकतात. सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालणं हा तात्पुरता इलाज आहे, त्याने पायाची उंची आणि कोन बदलतो आणि आवळलेला बोल्ट आठवड्याभरात ढिला होतो.

दारांच्या चौकटीत आकड्याने अडकणारं कॅरिअर असेल (रेल नसलेल्या गाड्यांना हेच बसतं) तर तो आकडा तुमच्याच मॉडेलचा आहे का ते बघा. आकड्यावर नंबर ठोकलेला असतो, तो कॅरिअरच्या यादीशी जुळवा. जुन्या गाडीचं कॅरिअर नव्या गाडीवर "बसून तर राह्यलं" म्हणून चढवलेलं मी सतत बघतो. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, वळणावर कळतो.

बोल्ट आवळताना चारही थोडे-थोडे, आळीपाळीने. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली तर बार तिरका ताणला जातो आणि पुढच्या खड्ड्यात एक पाय मोकळा. किती आवळायचं तो आकडा कॅरिअरच्या पुस्तिकेत असतो, टॉर्क पाना (ठरलेल्या जोराइतकंच आवळू देणारा) नसेल तर कोणत्याही टायरच्या बऱ्या दुकानात असतो, पण छोट्या आकड्याचा मागा. चाकाच्या नटांचा पाना इथे फार मोठा पडतो. स्टीलचे बोल्ट अॅल्युमिनियमच्या बारमध्ये असतील तर आट्यांना थोडं ग्रीस, नाहीतर दोन पावसाळ्यांत धातू एकमेकांना धरून बसतात आणि बोल्ट तुटूनच निघतो.

सहावी: रेल खरी की शोभेची, आणि टपाची मर्यादा

गाडीच्या पुस्तिकेत टपावरच्या कमाल भाराचा आकडा शोधा. आपल्याकडच्या गाड्यांत तो साधारण ५० ते ७५ किलोच्या मध्ये असतो. आकडाच दिलेला नसेल तर रेल शोभेची समजा आणि तिच्यावर काही बांधू नका, दुकानदार काहीही म्हणो. खरी रेल टपाच्या सांगाड्याला बोल्टने धरलेली असते, टोकाच्या झाकणाखाली ते बोल्ट दिसतात. शोभेची प्लास्टिकच्या क्लिपांवर आणि चिकटपट्टीवर असते, नखाने वाजवली तर पोकळ बोलते.

त्या आकड्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं. इथे स्थानिक वेल्डरकडून बनवलेलं लोखंडी जाळीचं कॅरिअर मार खातं. ते स्वतःच १५-२० किलोचं असतं. त्यावर ३५ किलोची कनू म्हणजे ५० ची मर्यादा नाव बांधताच संपली, वल्ही आणि लाइफ जॅकेट तर अजून डिकीतच आहेत. जाळीचं कॅरिअर बॅगांसाठी चांगलं, नावेला ते नकोच. नाव दोन कडांवर टेकायला हवी, जाळीच्या कठड्यावर नाही.

जुन्या ओम्नी किंवा जिप्सीला टपाच्या कडेने पन्हळ असते. त्या पन्हळीत अडकणारं कॅरिअर मला आजही सगळ्यात भरवशाचं वाटतं, बारांमधलं अंतरही हवं तेवढं ठेवता येतं. फक्त पन्हळीतला गंज बघा. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं आणि आत गेलं, तर तिथे भार नको.

इथे थांबा, आणि माणूस बोलवा

खालचं काही दिसलं तर घरी खटपट करू नका.

रेल टपापासून सुटतेय, किंवा पायाभोवती पत्र्याला खळगा पडलाय, रंगाला चिरा गेल्यात. हे कॅरिअरवाल्याचं काम नाही, गाडीच्या बॉडीचं काम आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या बॉडी शॉपला दाखवा.

टपातल्या कारखान्याच्या छिद्रात बसणारा बोल्ट नुसता फिरतोय, घट्ट होत नाही. आतला नट पत्र्यात फिरायला लागलाय. जोर लावला तर छिद्र मोठं होतं आणि मग आतलं छत उतरवल्याशिवाय इलाज नाही.

छताच्या कापडावर ओल. पाणी बोल्टच्या छिद्रातून येतं किंवा सनरूफच्या तुंबलेल्या नळीतून, आणि दोन्हींचा डाग एकाच जागी दिसू शकतो. वरून सिलिकॉन फासणं म्हणजे पाणी आत कोंडणं. आत वायरिंग आहे.

"एक छोटं छिद्र पाडून पक्कं करून देतो" असं कोणी म्हणालं तर चावी परत घ्या. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत छताच्या कडेने पडद्यासारख्या एअरबॅग गुंडाळलेल्या असतात. ड्रिलचं टोक कुठे जाईल ते वरून दिसत नाही. आणि छिद्र पाडलेल्या टपाच्या गंजाची वॉरंटी कोणी देत नाही.

बारला किंवा पायाला चीर. लोखंडी असेल तर चांगला वेल्डर सांधू शकतो, पण गाडीवर बसवलेलं असताना नाही, काढून. अॅल्युमिनियमचा बार सांधून घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या आजूबाजूचा धातू मऊ पडतो, दिसायला अखंड आणि ताकदीला अर्धवट. तो बदलायचाच.

कायद्याचंही एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१अ) नुसार माल परवानगीपेक्षा जास्त पुढे, मागे, बाजूला किंवा वर निघाला तर २०,००० रुपये दंड आहे. लहान हॅचबॅकवर १६ फुटी नाव नेणार असाल तर आधी आरटीओत जाऊन विचारा, आणि मागच्या टोकाला लाल फडकं, रात्री लाल रिफ्लेक्टर बांधाच. फडक्याने दंड माफ होत नाही, पण मागचा दुचाकीवाला वाचतो.

एवढं करूनही बदलायचंच असेल

टपापासून सुरुवात करा. पन्हळ, उंच रेल, टपाला चिकटून असलेली रेल, कारखान्याची छिद्रं, की काहीच नाही, यातलं तुमचं काय आहे त्यावर पाय ठरतात, बाकी सगळं नंतर. मग बारांमधलं अंतर: ६० सेंटिमीटरच्या खाली असेल तर लांब कनूचा नाद सोडा, जितकं जास्त मिळेल तितकं बरं. बारची लांबी नावेच्या रुंदीला पुरायला हवी, कनू साधारण ९० सेंटिमीटर रुंद असते, पण बार आरशांच्या बाहेर जाऊ नयेत.

कनू उलटी, कडांवर टेकवून न्यायची. बारवर चार अडणी (नावेची कड अडवणारे ठोकळे) लावली की ती आडवी सरकत नाही. प्लास्टिकची कयाक आडवी पाडून, एका कुशीवर, इंग्रजी J च्या आकाराच्या कडीत बसवली तर उन्हात कमी दबते, कारण कूस पोटापेक्षा कडक असते. शर्यतीच्या नावांची गोष्ट निराळी. एकट्याची शर्यतीची कयाक ५.२० मीटरपर्यंत लांब आणि वजनाला १२ किलोपासून, टप तिला हसत पेलतं, पण कवच इतकं पातळ की साध्या बारवर आवळली तर फुटते. तिला रुंद पट्टीची व्ही आकाराची झोळी लागते. भोपाळच्या मोठ्या तळ्यावर सरावाला किंवा स्पर्धेला जाणाऱ्या पोरांना मी टपाऐवजी लांब हौद्याची पिकअप भाड्याने घ्यायला सांगतो. छोटा हत्ती नको, त्याचा हौदा सात फुटांच्या आसपास, नाव निम्म्याहून जास्त बाहेर.

फोमवर पैसे घालवू नका. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी बारवर चपखल बसते, कोणत्याही एसीवाल्याकडे मीटरवर मिळते. उन्हाने वर्षभरात चुरते, तेव्हा नवी चढवा.

घेण्याआधी दुकानातच बार बसवून डिकी पूर्ण उघडून बघा, सनरूफ असेल तर तेही. आणि एकट्याने नाव चढवणार असाल तर उंच एसयूव्हीच्या टपाला हात पोचतो का तेही तिथेच बघून घ्या. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी किती तरी जण ही गोष्ट नाव विकत घेतल्यावर विचारतात. त्यांना मी फुगवायची कयाक दाखवतो. ती डिकीत जाते.